ट्रेलरच्या चाकांच्या बेअरिंगसाठी ऑइल की ग्रीस : निवड कशी करावी

ट्रेलरच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या, बेअरिंग बसवलेल्या भागात, ग्रीस भरावे की ऑइल, हा प्रश्न बहुतेकदा ‘दोहोंत चांगले कोणते’ अशा रीतीने विचारला जातो आणि तेथेच गल्लत होते. ग्रीस म्हणजे मुळात तेलच. ते बहुधा लिथियमसारख्या धातूच्या साबणात, स्पंजाने पाणी धरून ठेवावे तसे धरून ठेवलेले असते. बेअरिंगमधल्या रोलरला वंगण मिळते ते दोन्ही प्रकारांत तेलाचेच. एका प्रकारात ते मोकळे वाहते आणि दुसऱ्यात जागेवर चिकटून राहते, एवढाच फरक. म्हणून निवड डब्यावरचे दावे वाचून न करता, ट्रेलर किती चालतो, किती दिवस उभा राहतो आणि त्याच्याकडे नियमित लक्ष देणारे कोणी आहे का, हे पाहून करावी.

सर्वप्रथम हब तपासावा. ऑइलसाठी बनवलेल्या हबच्या तोंडावर सहसा पारदर्शक खिडकी असलेली टोपी असते, तिच्यावर पातळीची खूण असते आणि आतल्या बाजूला पातळ तेल रोखू शकेल असा ऑइल सील बसवलेला असतो. ग्रीसच्या हबवर बहुधा ठोकून बसवलेली साधी पत्र्याची टोपी असते. अशा हबमध्ये नुसते ऑइल ओतल्यास ते सीलमधून झिरपून ब्रेकच्या लायनरवर जाते आणि त्या चाकाचा ब्रेक निकामी होतो. टोपी व सील बदलून हब ऑइलसाठी तयार करता येतो. मात्र त्यास उत्पादकाची मान्यता असावी आणि अ‍ॅक्सलवरची सीलची जागा गुळगुळीत असावी. ती पुसून तिच्यावरून आडवे नख फिरवावे. नख अडकले, तर तेथे जुन्या सीलच्या ओठाने चर पाडली आहे असे समजावे. तशा जागी नवा सीलही तेल रोखून धरेल याची खात्री नसते. कायमचे सीलबंद बेअरिंग असल्यास निवडीचा प्रश्नच उरत नाही.

हब दोन्हींसाठी योग्य असेल, तर वापराचा विचार करावा. जड माल घेऊन रोज लांब पल्ल्यावर धावणाऱ्या ट्रेलरला ऑइल मानवते. चाक फिरू लागले की तळाशी साठलेले तेल वर उचलले जाऊन सर्व रोलरांवरून फिरते, उष्णता वाहून नेते आणि त्याची पातळी चाक न उघडता दिसते. हाच ट्रेलर चार-सहा महिने उभा राहिला, तर तेल खाली उतरते, वरच्या अर्ध्या भागातले रोलर उघडे पडतात आणि दमट हवेत त्यांवर गंजाचे बारीक खड्डे पडू लागतात. हंगामापुरत्या बाहेर निघणाऱ्या ट्रेलरला म्हणूनच ग्रीस बरे. शिवाय सील फाटला तर ऑइल एकाच प्रवासात निघून जाऊ शकते, ग्रीस मात्र काही काळ तग धरते. पातळी पाहण्याची सवय नसलेल्या मालकाने ऑइलच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

होडी वाहून नेणाऱ्या ट्रेलरची गोष्ट थोडी निराळी आहे. प्रवासाने तापलेला हब थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकुंचन पावते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. ग्रीसमध्ये शिरलेले पाणी हब उघडेपर्यंत कळत नाही. ऑइल मात्र दुधाळ होते आणि ते खिडकीतून लगेच दिसते. उत्पादकाने परवानगी दिलेल्या काही हबमध्ये एनएलजीआय (ग्रीसचा घट्टपणा दाखवणारी श्रेणी) ०० दर्जाचे अर्धप्रवाही ग्रीस हा मधला मार्गही असतो.

ग्रीस ठरवल्यास एनएलजीआय २ दर्जाचे आणि डब्यावर ‘जीसी-एलबी’ अशी, चाकांच्या बेअरिंगसाठी योग्य असल्याची खूण असलेले घ्यावे. जुन्या ग्रीसवर नवे थापू नये. लिथियम आणि पॉलियुरिया यांसारख्या जाती एकत्र आल्यास मिश्रण पातळ होऊन वाहून जाऊ शकते. बेअरिंग धुऊन पूर्ण वाळवावे, पण हवेच्या झोताने ते गरागरा फिरवू नये. नंतर तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहावी. अरुंद बाजूच्या फटींतून ग्रीसच्या वळ्या बाहेर येऊ लागल्या, की तेवढा भाग भरला. असे करत पूर्ण वळसा घालावा. हबची पोकळी मात्र ठासून भरू नये, कारण जादा ग्रीस घुसळले जाऊन तापते. हलक्या ट्रेलरसाठी वर्षातून एकदा किंवा सुमारे २०,००० किलोमीटरनंतर, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, हे काम करावे. पुस्तिकेत वेगळे अंतर दिले असल्यास तेच पाळावे.

ऑइल ठरवल्यास उत्पादकाने सांगितलेलेच घ्यावे. अनेकदा ते ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल असते. बसवण्यापूर्वी बेअरिंग त्याच तेलाने भिजवावे. त्यात ग्रीस भरून ठेवल्यास तेलाची वाट अडते. ट्रेलर सपाट जागी ठेवून तेल सावकाश ओतावे. बाहेरच्या बेअरिंगमधून आत जाण्यास त्याला वेळ लागतो. पातळी खाली गेलेली दिसली की चाक फिरवून पुन्हा खुणेपर्यंत भरावे.

बेअरिंग जागी धरणारा अ‍ॅक्सलचा नट कसण्याची रीत आणि आवश्यक ढिलाई पुस्तिकेत पाहावी. अवाजवी आवळलेले बेअरिंग कोणत्याही वंगणाने वाचत नाही. पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरनंतर थांबून सर्व हबांजवळ हात नेऊन उष्णतेची तुलना करावी. एखादाच हब इतरांपेक्षा तापलेला असेल, तर तो उघडून पाहावा. ऑइलचे हब असल्यास टायरची आतली बाजूही बॅटरीच्या उजेडात पाहावी. तेथे तेलाचा ताजा ओघळ दिसला, तर नुसती पातळी भरून पुढे न जाता सील बदलावा आणि तेलाने भिजलेले लायनरही त्याच वेळी काढून टाकावेत.