चंद्रपूरच्या खडकांतून प्राचीन हवामान कसे वाचावे

खडक वाचायला निघालेल्या माणसाला सर्वांत आधी दिला जाणारा सल्ला म्हणजे ‘जीवाश्म शोधा’, आणि माझ्या मते तो सर्वांत निरुपयोगी सल्ला आहे. जीवाश्म मिळाला तर आनंदच आहे. पण तो न मिळताही थर पुष्कळ सांगतो, आणि थरातून सुटून पडलेला देखणा नमुना मात्र जवळपास काहीच सांगत नाही. हे शिकण्यासाठी चंद्रपूर–वणी परिसरासारखी जागा महाराष्ट्रात दुसरी नाही. समुद्रात साचलेला चुनखडक, हिमनद्यांनी टाकलेला गाळ, दगडी कोळसा, तांबडा वालुकाश्म आणि त्यावर दख्खनचा काळा कातळ, हे सारे इथे थोड्याशा प्रवासात पाहायला मिळते.

डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात, नद्यांचे पाणी उतरल्यावर जावे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ या संकेतस्थळावरून त्या भागाचा भूशास्त्रीय नकाशा आधी पाहून घ्यावा. दहापट मोठे दाखवणारे भिंग, पाण्याची बाटली, जुना टूथब्रश आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची छोटी कुपी एवढे सामान पुरते. कोळशाच्या खाणीत परवानगीशिवाय पाऊल टाकू नये.

नदीकाठच्या दरडीसमोर उभे राहिल्यावर हातोडीला हात लावण्यापूर्वी दरडीचे चित्र वहीत काढावे आणि ते खालून वर काढावे, कारण खालचा थर आधी साचलेला असतो. या भागात थर फारसे उलटेपालटे झालेले नसल्यामुळे एवढा नियम पुरेसा आहे. तळाशी पैनगंगा चुनखडक दिसला, तर आम्लाचा एक थेंब टाकावा. फसफस झाली की चुना आहे. तो समुद्रात साचला तेव्हा कवचधारी प्राण्यांचा उदयच झालेला नव्हता, त्यामुळे त्यात शिंपले शोधण्यात वेळ घालवू नये.

खरी अडचण येते ती या चुनखडकाच्या वर असलेल्या, हिमनद्यांनी टाकलेल्या तालचेर थराशी. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी भारत गोंडवन या महाखंडाचा भाग होता, दक्षिण ध्रुवाकडे सरकलेला होता आणि त्याचा मोठा भाग हिमनद्यांखाली होता. ओडिशातील तालचेर येथील गोट्यांचा थर बर्फाने आणलेला असावा, असे ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड या भूवैज्ञानिकांनी १८५६ मध्येच मांडले होते, आणि पुढे १८७० च्या दशकात भूवैज्ञानिक फेडन यांना चंद्रपूरजवळ इरई येथे त्याच थराखालचा चुनखडक घासून गुळगुळीत झालेला व ओरखडलेला आढळला. हे एकदा वाचले की प्रत्येक गोट्यात माणसाला हिमनदी दिसू लागते. मलाही दिसू लागली होती.

माझ्या टेबलावर दोन वर्षे एक गोटा होता. रस्त्याच्या कामाशेजारच्या ढिगाऱ्यातून मी तो उचलला होता, त्यावर समांतर ओरखडे होते आणि पाहुण्यांना मी तो ‘तीस कोटी वर्षांपूर्वीच्या हिमनदीची सही’ म्हणून दाखवीत असे. एका जाणत्या स्नेह्याने तो भिंगाखाली धरला आणि काहीही न बोलता माझ्या हाती परत दिला. ओरखड्यांच्या तळाशी पिठासारखा पांढरा चुरा होता, आणि ते गोट्याची तपकिरी, हवेने झिजलेली साल कापून आत गेले होते. साल जुनी होती, ओरखडे ताजे होते. जेसीबीच्या दात्यांचे होते.

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: सुटा गोटा पुरावा म्हणून धरू नये, मग तो कितीही आकर्षक असो. गोटा थरात घट्ट बसलेला असताना आधी त्याच्या आजूबाजूचे पाहावे. नदीने आणलेल्या पिंडाश्मात, म्हणजे गोटे जुळून झालेल्या खडकात, गोटे एकमेकांना टेकलेले, बहुतेक गोलाकार आणि आकाराने साधारण सारखे असतात, आणि चपटे गोटे अनेकदा एका दिशेला कलून कौलांसारखे एकमेकांवर रेललेले असतात. हिमनदीच्या गाळात लिंबाएवढा खडा आणि पाटा-वरवंट्यातल्या पाट्याहून मोठा धोंडा एकाच बारीक, हिरवट गाळात, एकमेकांना न टेकता, फळकेकात मनुके रुतावेत तसे रुतलेले असतात, आणि त्यांत ग्रॅनाइट, क्वार्ट्झाइट, चुनखडक अशी निरनिराळ्या गावची मंडळी एकत्र दिसतात. मात्र एवढ्यावर निकाल देऊ नये, कारण डोंगरउतारावरून घसरत आलेला चिखलही असाच मिश्र गाळ टाकतो.

म्हणून पुढची पायरी सोडू नये. आधीच सुटत आलेला एखादा गोटा गाळातून अलगद मोकळा करावा, त्याची गाळात दडलेली बाजू पाण्याने आणि ब्रशने धुवावी, आणि सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात हळूहळू फिरवावी. दुपारच्या उन्हात ओरखडे दिसतच नाहीत. बर्फात गोठून तळाच्या खडकावर घासत गेलेल्या गोट्याची एखादी बाजू कानशीने घासल्यासारखी सपाट होते, आणि तो वाटेत फिरल्यामुळे ओरखड्यांच्या दिशा एकमेकींना छेदतात. सर्व ओरखडे एकाच दिशेचे असतील, पृष्ठभागावर खनिजाच्या चकचकीत तंतूंचा लेप असेल आणि तीच चकाकी शेजारच्या गाळातही पुढे गेलेली असेल, तर तो खडक सरकताना झालेला घर्षणाचा पट्टा आहे. हिमनदीशी त्याचा संबंध नाही. ही गफलत शिकलेल्या माणसांकडूनही होताना मी पाहिली आहे.

माझ्या दृष्टीने सर्वांत भरवशाची खूण ओरखड्यांची नाहीच. तालचेरच्या हिरवट शेलमध्ये, म्हणजे चिखल घट्ट होऊन झालेल्या पापुद्र्यांच्या खडकात, जो हाताने मोडला की सुयांसारख्या काड्या होतात, एखादा एकटाच गोटा दिसला तर तिथे बसून घ्यावे. त्याच्या खालचे कागदासारखे पातळ पापुद्रे खाली दबलेले आणि वरचे त्याच्यावरून सरळ पसरत गेलेले असतील, तर शांत पाण्याच्या तळाशी तो वरून पडला आहे. एवढ्या संथ पाण्यात जड धोंडा वाहून येऊ शकत नाही. तो तरंगत्या बर्फातून सुटलेला असतो. भिंगाखाली तिथल्या वालुकाश्मातले फेल्डस्पार या खनिजाचे कण टवटवीत दिसले, तर थंडीला आणखी एक साक्षीदार मिळतो, कारण उष्ण व दमट हवेत फेल्डस्पार लवकर कुजून त्याची माती होते.

पुढचे थर सोपे आहेत. तालचेरच्या वरच्या, कोळसा असलेल्या बराकर थरातल्या कोळशाशेजारच्या शेलमध्ये ग्लॉसॉप्टेरिस या नामशेष झाडाची जिभेच्या आकाराची पाने सापडतात. मध्यशीर आणि जाळीदार शिरा पाहिल्या की ओळख पटते. इथे एक गैरसमज मात्र ठामपणे मोडला पाहिजे. कोळसा म्हणजे उष्ण कटिबंधातले जंगल, असे शाळेपासून मनात बसलेले असते. पण गोंडवनातल्या या दलदली बऱ्याच दक्षिणेला होत्या, आणि त्या काळच्या लाकडात वाढीची वर्तुळे दिसतात, म्हणजे ऋतू स्पष्टपणे बदलत होते. कोळसा पाण्याची मुबलकता आणि झाडांची दाटी सांगतो, तापमान सांगत नाही.

कामठी वालुकाश्माचा तांबडा रंग पाहून लगेच ‘कोरडे हवामान’ असे लिहू नये. रंग थराबरोबर चालतो की भेगांबरोबर, हे पाहावे. भेगांबरोबर चालणारा रंग नंतर झिरपलेल्या पाण्याने आणलेला असतो.

वरोरा तालुक्यातील पिजदुरा येथे डायनोसॉरांच्या काळातल्या लॅमेटा थरात डायनोसॉरची अश्मीभूत विष्ठा मिळते. तिच्यात गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि डायनोसॉरांच्या काळात गवत होते, हे त्यातून कळले. तिथून काहीही उचलून नेऊ नये. एकदा थरातून निघालेला तुकडा कोणत्याही अभ्यासाला फारसा उपयोगी राहत नाही.

घरी परतल्यावर चित्राशेजारी जाड्या, रंग आणि खुणा लिहाव्यात, आणि दोन थरांमधल्या सीमेकडे शेवटचे लक्ष द्यावे. पैनगंगा चुनखडक आणि त्यावरचा तालचेर थर एकमेकांना चिकटलेले दिसतात, तरी त्या एका रेघेत कोट्यवधी वर्षे गळालेली आहेत. त्या काळात इथे काही साचले नाही, किंवा साचलेले सारे झिजून गेले. तिथे सरळ रेघ न मारता नागमोडी रेघ काढावी आणि शेजारी ‘नोंद नाही’ असे लिहावे.