ग्रिड चालवण्याआधी: हिंदी महासागरावरच्या फुग्यांच्या निरीक्षणांची तयारी

ऑक्टोबर २०११ मध्ये हिंदी महासागराच्या मध्यावर ‘डायनॅमो’ ही हवामान-निरीक्षणाची मोहीम सुरू झाली. मॅडन-ज्युलियन दोलनाची, म्हणजे विषुववृत्ताजवळ महिना-दोन महिन्यांच्या फेऱ्यांत पूर्वेकडे सरकणाऱ्या ढग-पावसाच्या मोठ्या पट्ट्याची, सुरुवात नेमकी कशी होते, हा तिचा प्रश्न होता. तिथे उपकरणं बांधून सोडलेल्या फुग्यांच्या निरीक्षणांची ग्रिड, म्हणजे समान अंतरांच्या जाळीवर मांडलेली मूल्यं, स्वतः बनवून बघणाऱ्यांसाठी ही तयारीची यादी आहे.

सगळ्यात आधी नकाशा काढा आणि तो भिंतीवर लावा. फुगे दोन चौकोनांच्या टोकांवरून सुटत होते. उत्तरेकडच्या चौकोनाची टोकं म्हणजे कोलंबो, मालदीवमधली माले आणि गान ही बेटं आणि विषुववृत्तावर ८०.५ अंश पूर्वेला उभं असलेलं ‘रॉजर रेव्हेल’ जहाज. दक्षिणेकडे गान, दिएगो गार्सिया बेट, रेव्हेल आणि ८ अंश दक्षिणेला जपानचं ‘मिराई’ जहाज. जहाजं कायम जागेवर नसतात. रेव्हेल मधूनमधून बंदरात जातं आणि त्या दिवसांत चौकोनाचा त्रिकोण होतो. म्हणून नकाशाशेजारी तारखांचा तक्ता हवाच: कुठल्या दिवशी, कुठल्या वेळेला, कुठल्या टोकावरून फुगा सुटला. गानला दर तीन तासांनी फुगे सुटत होते, पण नेहमीच्या वेधशाळांचं वेळापत्रक इतकं दाट नसतं, त्यामुळे मिनिकॉय किंवा तिरुअनंतपुरमची निरीक्षणं जोडणार असाल तर तीही याच तक्त्यात मांडा.

मग वेळा. मालदीवचं घड्याळ जागतिक वेळेच्या ५ तास पुढे, श्रीलंकेचं साडेपाच, दिएगो गार्सियाचं ६. सगळं जागतिक वेळेत आणा आणि फाइलवरची वेळ फुगा सोडल्याची आहे की ठरलेल्या निरीक्षणाची, ते प्रत्येक ठिकाणासाठी तपासा. फुगा सेकंदाला साधारण ५ मीटर चढतो, म्हणजे १६ किलोमीटरवर पोचायला पाऊण तासाहून जास्त लागतो. तोवर वारा त्याला दूर नेतो. जीपीएसची जागा फाइलमध्ये असेल तर तीच वापरा. विषुववृत्तावर एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, त्यापुढे हे वाहणं लहान असतं, पण फुकट मिळणारी अचूकता सोडू नये.

आता जिथे खरा वेळ द्यायचा ती गोष्ट: वारा. आपल्याला हवा असतो तो दोन टोकांवरच्या वाऱ्यांमधला फरक. टोकांमधलं अंतर धरा ७०० किलोमीटर. एका टोकाच्या वाऱ्यात सेकंदाला १ मीटरची चूक असेल आणि ती खालपासून १०० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीपर्यंत (साधारण १६ किलोमीटर) एकाच बाजूची राहिली, तर अपसरणाची (हवा चौकोनातून बाहेर पसरण्याच्या दराची) बेरीज करत वर जाताना ऊर्ध्व गतीत (हवेच्या वर-खाली जाण्याच्या वेगात) ताशी साडेचार हेक्टोपास्कलच्या आसपास चूक साठते. ज्या ऊर्ध्व गतीच्या शोधात आपण असतो तीही याच घरातली. त्यामुळे फुग्याच्या प्रत्येक आरोहणाचा आलेख डोळ्यांनी बघा. हजारो असतील तरी बघा. सिग्नल तुटून पुन्हा जुळतो तिथे वाऱ्यात अचानक उडी दिसते. स्वयंचलित गाळणीतून अशा उड्या सहज निसटतात.

कोलंबोसाठी वेगळी खूण करून ठेवा. श्रीलंकेच्या मध्यभागी अडीच हजार मीटरपर्यंतचे डोंगर आहेत आणि खालच्या दोनेक किलोमीटरांतला वारा त्यांना अडतो, वळसा घालतो. म्हणून कोलंबोत मोजलेला खालचा वारा मोकळ्या समुद्राचा प्रतिनिधी नाही. तो जसाच्या तसा घेतला तर डोंगराचा परिणाम पूर्ण चौकोनाच्या अपसरणात शिरतो. मोहिमेच्या अधिकृत विश्लेषणातही यासाठी दुरुस्ती करावी लागली. काही लोक सरळ कोलंबोचे खालचे थर गाळून टाकतात. मला ते पटत नाही, कारण मग ते टोकच उघडं पडतं. दुरुस्ती करा आणि दुरुस्तीआधीची प्रतही जपा.

आर्द्रतेच्या तपासणीला दिवस-रात्र वेगळे करा. त्या काळात सर्रास वापरलेल्या आरएस-९२ रेडिओसाँडचा (फुग्याला बांधलेल्या उपकरणाचा) आर्द्रतामापक उन्हात तापतो आणि हवा आहे त्यापेक्षा कोरडी दाखवतो. रात्रीची मोजणी जास्त विश्वासाची. दुपारच्या आणि मध्यरात्रीच्या सरासऱ्या शेजारी ठेवल्या की, विशेषतः वरच्या थरांत, फरक समोर येतो. गानला मायक्रोवेव्ह रेडिओमीटर (जमिनीवरून हवेतलं एकूण बाष्प मोजणारं उपकरण) होता, त्याच्या एकूण बाष्पाशी फुग्याचं एकूण बाष्प ताडून बघा. ढगातून बाहेर पडलेला ओला तापमापकही फसवतो. बाष्पीभवनाने तो थंड होतो आणि ढगाच्या माथ्यावर तापमान अशक्य वेगाने घसरलेलं दिसतं.

जहाजावरच्या पहिल्या शे-दीडशे मीटरांकडे तर संशयानेच बघा. पोलादी डेक दुपारी तापलेला असतो, उपकरण नुकतंच वातानुकूलित खोलीतून आलेलं असतं, आणि समुद्राची खरी हवा या दोन्हींपेक्षा वेगळी असते. पृष्ठभागाचं मूल्य जहाजाच्या पुढच्या मास्टवरच्या उपकरणांचं घ्या आणि त्याला वरच्या स्तंभाशी हळूहळू जोडा.

एवढं झाल्यावर ग्रिड ठरवायची. एक अंश आणि उभ्या दिशेत २५ हेक्टोपास्कल हे चांगलं माप आहे. त्याहून बारीक ग्रिड दिसते देखणी, पण चार टोकांमधून तेवढी माहिती येत नाही. विखुरलेल्या निरीक्षणांमधून जाळीवरची मूल्यं काढणाऱ्या मल्टिक्वाड्रिक पद्धतीला मॉडेलसारखा आधीचा अंदाज (पहिला अंदाज) लागत नाही, हा तिचा गुण. गुळगुळीतपणाचा गुणांक (क्षेत्र किती सपाट करायचं तो आकडा) मात्र आधी ठरवा आणि निकाल बघून बदलत बसू नका. मोकळ्या जागा भरायला युरोपियन हवामान-अंदाज केंद्राचं मॉडेल विश्लेषण घेणार असाल तर दोन प्रती करा, एक मॉडेलसह आणि एक निव्वळ निरीक्षणांची. ज्या मॉडेलची परीक्षा घ्यायची तेच मॉडेल ग्रिडमध्ये मिसळलेलं असेल तर ती परीक्षा होत नाही, आणि हे सहा महिन्यांनी कुणालाही आठवत नाही.

ऊर्ध्व गती वरच्या सीमेवर शून्य व्हावी म्हणून ओब्रायन यांनी १९७० मध्ये दिलेली दुरुस्ती लावतात. ती लावण्याआधी सीमेवर किती उरतं, त्याची नोंद करा. उरलेला आकडा मोठा असेल तर मागे जाऊन वारा पुन्हा तपासायचा. त्यानंतर यानाई आणि सहकाऱ्यांच्या १९७३ च्या पद्धतीने उष्णतेचा आणि बाष्पाचा हिशोब करा. बाष्पाच्या हिशोबातून पाऊस निघतो: हवेच्या पूर्ण स्तंभातल्या बाष्पऱ्हासाची (बाष्प किती कमी झालं त्याची) बेरीज अधिक समुद्रावरचं बाष्पीभवन. दिवसाला १ मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला साधारण २९ वॅट, हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर असू द्या. हा पाऊस पाऊस मोजणाऱ्या टीआरएमएम उपग्रहाच्या आकड्यांशी जुळवून बघा. ऑक्टोबरच्या आणि नोव्हेंबरच्या अखेरीस दोलनाची दोन मोठी सक्रिय (पावसाची) पर्वं आली होती. ती दोन्ही तुमच्या आलेखात योग्य तारखांना उभी राहिली पाहिजेत.

शेवटची फाइल लिहिताना तापमान, वारा, आर्द्रतेच्या बरोबरीने आणखी एक क्षेत्र ठेवा: ग्रिडच्या त्या वेळच्या मूल्यामागे किती फुगे होते आणि सर्वांत जवळचा किती किलोमीटरवर होता. रेव्हेल बंदरात असतानाच्या दिवसांत उत्तरेकडच्या चौकोनाच्या आग्नेय कोपऱ्यात हा आकडा काय होतो ते बघा, आणि त्या दिवसांची सरासरी वेगळी काढून मगच फाइल दुसऱ्याच्या हाती द्या.