जंगल सफारीसाठी दुर्बीण घेताय? मोठ्या आकड्याच्या मागे लागू नका

ताडोबाचं बुकिंग मिळालं की लोकांचा पुढचा प्रश्न ठरलेला, दुर्बीण कुठली घेऊ, आणि विचारताना मोबाईलवर लिंक उघडीच असते, त्यात कुठे २०×५० लिहिलेलं, कुठे चक्क १००×१००, खाली वाघाच्या डोळ्याचा क्लोजअप आणि लाल अक्षरात नाईट व्हिजन. ती लिंक आधी बंद करा. हातात धरून बघायच्या दुर्बिणीत १०० पट वगैरे काही नसतं, तो नुसता छापलेला आकडा आहे, आणि नाईट व्हिजन म्हणजे बहुतेक वेळा काचेवर चढवलेला चकचकीत लाल कोटिंगचा थर, ज्याने उलट प्रकाश कमी होतो. खरं नाईट व्हिजन वेगळं इलेक्ट्रॉनिक यंत्र असतं आणि ते या किमतीत मिळत नाही.

आता आकडे. ८×४२ मधला ८ म्हणजे किती पट जवळ दिसणार, म्हणजे ८० मीटरवरचा वाघ १० मीटरवर असल्यासारखा. ४२ म्हणजे पुढच्या काचेचा व्यास, मिलिमीटरमध्ये. सगळे पहिल्या आकड्यावर भाळतात आणि जंगलात कामाला येतो दुसरा, खरं तर दोघांचा भागाकार. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच. दुर्बिणीतून डोळ्याकडे जो प्रकाशाचा गोल येतो त्याचा व्यास एवढा, सव्वापाच मिलिमीटर, याला एक्झिट प्युपिल म्हणतात. भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते त्यामुळे दुपारी कुठलीही दुर्बीण छानच दिसते, दुकानात पण छान दिसते, फसायला होतं ते इथेच. अंधारात तरुण माणसाची बाहुली साधारण सातपर्यंत उघडते, पन्नाशीनंतर पाचच्या आसपास. म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी डोळा पाच मिलिमीटर प्रकाश घ्यायला तयार बसलाय आणि तुमची खिशातली १०×२५ त्याला देतेय अडीच. बांबूत बसलेलं जनावर मग नुसता काळा डाग दिसतो.

आणि सफारीच्या वेळा बघा ना, सकाळची सूर्य उगवताना सुरू होते, दुपारची सूर्य मावळताना संपते. वाघ, बिबट्या, अस्वल हलतात ते याच दोन टोकांना, त्यात ताडोबात बांबू एवढा दाट की आठ वाजता पण आत संध्याकाळच असते. म्हणून दुर्बीण घ्यायची ती अंधुक उजेडासाठी घ्यायची, बाकी वेळ ती आपोआप चालते.

मग १०×४२ का नको? वाईट नाही, पक्ष्यांवाले भरपूर लोक तीच वापरतात. पण भागाकार ४.२ येतो, हात जेवढा हलतो तेवढं चित्र जास्त हलतं, आणि बघायची रुंदी कमी होते. ही रुंदी म्हणजे फील्ड ऑफ व्ह्यू, डब्यावर १००० मीटरला इतके मीटर अशी लिहिलेली असते, ८ पटीच्या चांगल्या दुर्बिणीत १२०-१४० च्या आसपास, १० पटीत शंभर-एकशेदहाच्या घरात. ऐकायला फरक छोटा वाटतो, पण गाईड म्हणतो "सागाच्या मागे, डावीकडे, कान हलला" तेव्हा तुमच्याकडे दोन-तीन सेकंद असतात, दुर्बीण डोळ्याला लावली आणि समोर नुसती पानं आली तर परत खाली करून कुठला साग ते शोधायचं, तोपर्यंत वाघीण नाल्यात उतरलेली असते. रुंदी असेल तर कान चौकटीत कुठेतरी असतोच, मग नजर आपोआप तिथे जाते.

हे शिकारीतल्या लोकांना जुनं माहिती आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद, ते बरंच झालं, पण आफ्रिकेत अजून केप बफेलोच्या, म्हणजे तिथल्या रानम्हशीच्या, मागे परवान्याने जाणारे लोक रायफलवर जो स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, लावतात तो बघा, १-४ किंवा १-६ पॉवरचा, म्हणजे कमीत कमी पट जवळजवळ साध्या डोळ्याएवढी. अंगावर येऊ शकणारं जनावर जवळ असतं, झाडीत असतं आणि हलत असतं, तिथे २० पट लावून बघितलं तर नुसती काळी कातडी दिसणार, डोकं कुठे नि खांदा कुठे कळणार नाही. आपल्याला गोळी घालायची नाही, बघायचंय, तरी हिशोब तोच. जिप्सीला, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीला, प्राण्यापासून निदान २० मीटर लांब राहायचा नियम आहे आणि गवा कधीकधी जवळपास तेवढ्यावरच उभा असतो, तिथे दुर्बीण खाली ठेवून डोळ्याने बघा, उगाच काय.

चष्मा असेल तर हा भाग नीट वाचा, कारण दुकानदार सांगत नाही. आय रिलीफ म्हणून एक आकडा असतो, मागच्या काचेपासून डोळा किती लांब ठेवला तरी पूर्ण चित्र दिसतं तो. चष्म्यावाल्यांना तो १६ मिलिमीटरच्या वर हवा, कमी असेल तर कडा कापल्या जातात आणि किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखं वाटतं. चष्मा लावून बघायचं तर आय कप, म्हणजे डोळ्याकडची रबरी कडी, आत फिरवायचे, चष्मा नसेल तर बाहेर काढायचे. भाड्याची दुर्बीण घेऊन "मला काही दिसतच नाही" म्हणणाऱ्या निम्म्या काकांचा प्रॉब्लेम एवढाच असतो.

आतल्या गोष्टी थोडक्यात सांगतो. प्रिझम, म्हणजे आत प्रकाश वळवणारी काच, बीएके-४ नावाच्या चांगल्या काचेचं हवं. कोटिंग इथे ते लाल नाही, प्रकाश वाया जाऊ नये म्हणून चढवलेलं, आणि सगळ्या काचांवर सगळीकडे त्याचे अनेक थर असतील तर फुली मल्टीकोटेड लिहिलेलं असतं, नुसतं कोटेड लिहिलं असेल तर सोडून द्या. सरळ नळ्यांच्या दुर्बिणीत, म्हणजे रूफ प्रिझमच्या, फेज कोटिंग, म्हणजे प्रिझमवरचा खास थर, आहे का बघा, त्याशिवाय चित्र थोडं मऊ दिसतं. जुन्या पद्धतीच्या वाकड्या खांद्याच्या पोरो दुर्बिणीला ते लागत नाही, म्हणून कमी पैशात पोरोची काच जास्त चांगली मिळते, फक्त ती जाड असते आणि बऱ्याचशा वॉटरप्रूफ नसतात. मुंबईकराने मात्र वॉटरप्रूफ आणि आत नायट्रोजन भरलेली घ्यावी असं माझं ठाम मत आहे, का ते खाली येतंच. झूमवाली ८-२४ टाईप घेऊ नका, त्यात रुंदी पण जाते आणि उजेड पण जातो.

ऑनलाईन स्वस्त मिळते मान्य, पण पहिली दुर्बीण हातात घेऊन घ्या. मुंबईत फोर्टात सीएसएमटीजवळ बोरा बाजारला कॅमेऱ्याची दुकानं आहेत, संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर जा, मुद्दाम उजेड उतरताना. दुकानातून बाहेर येऊन फुटपाथवर उभं राहू द्या म्हणून सांगा, चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. आधी दुर्बीण हातभर लांब धरा, आकाशाकडे रोखून, मागच्या काचांत दोन उजेडाचे गोल दिसतील. गोल पूर्ण गोल हवेत, कडेला चौकोनी राखाडी सावली दिसली तर प्रिझम हलक्या दर्जाच्या काचेचं आहे. मग समोरच्या बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावरची पाटी बघा, अक्षरांच्या कडेला जांभळी-हिरवी किनार किती येते ते बघा, थोडी येतेच, पण अक्षर पुसट होण्याइतकी नको. नंतर एखाद्या जुन्या इमारतीच्या छज्ज्याखाली, जिथे कबुतरं बसतात, तिथल्या काळोखात बघा. एकीत नुसतं करडं काहीतरी दिसेल, दुसरीत कबुतराच्या मानेवरचा हिरवा रंग दिसेल. जिच्यात रंग दिसला ती तुमची. आणि दोन मिनिटं सलग बघून डोळे ओढल्यासारखे झाले, चित्र दोन-दोन दिसायला लागलं तर दोन नळ्या एका रेषेत नाहीत, तो पीस परत द्या, दुकानदार "सवय होईल" म्हणाला तरी.

मॉडेलचं म्हणाल तर चष्मा नसलेल्याला कमी बजेटमध्ये निकॉन ॲक्युलॉन ८×४२ चांगली आहे, पोरो आहे, रुंदी १४० मीटर, पण आय रिलीफ फक्त १२, आणि पावसात नेता येत नाही. चष्मावाल्याने निकॉनचीच प्रोस्टाफ पी३ ८×४२ बघावी. बजेट वाढवता येत असेल तर निकॉनची मोनार्क एम५ ८×४२ किंवा व्होर्टेक्सची डायमंडबॅक एचडी ८×४२, यानंतर पुढची पायरी एकदम महाग आहे आणि वर्षात एकदा ताडोबाला जाणाऱ्याला त्याची गरज नाही. वजन उचलून बघा, सहाशे-सातशे ग्रॅम चार तास गळ्यात लटकवायचे असतात, पातळ पट्टा मान कापतो, रुंद निओप्रीनचा पट्टा किंवा खांद्यावरून जाणारा हार्नेस घ्या.

आणल्यावर पहिलं काम डायॉप्टर, म्हणजे दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक जुळवणारी रिंग, सेट करायचं. उजवी नळी झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला एखादी पाटी शार्प करा, मग डावी झाकून उजव्या डोळ्याजवळच्या रिंगने तीच पाटी शार्प करा, मधलं चाक अजिबात हलवायचं नाही. रिंग कुठल्या खुणेवर आली ते लक्षात ठेवा, कारण बॅगेत ती फिरते आणि जिप्सीत कळत नाही का धूसर दिसतंय ते.

सवय मात्र इथेच करा. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात सकाळी जा, माकडं, हरणं, पक्षी काहीही चालेल, डोळ्याने जागा धरून, नजर न हलवता दुर्बीण वर आणायची, एवढंच पन्नास वेळा. थंडीत ऐरोलीहून खाडीत फ्लेमिंगो बघायला बोट जाते, त्या हलत्या बोटीत १० पटीची दुर्बीण घेतलेला शेजारी आणि ८ पटीवाले तुम्ही, फरक तिथेच कळेल. ताडोबात मोबाईल आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे डोळे आणि दुर्बीण एवढंच हातात असतं. कॉल, म्हणजे वाघाची चाहूल लागल्यावर चितळ-माकडं देतात ती धोक्याची हाक, सुरू झाला की ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा, कोपर जिप्सीच्या रॉडवर टेकवा, आय कप भुवईच्या हाडाला टेकले पाहिजेत, मग ८ पट एकदम स्थिर दिसते. चितळ ओरडतंय तिथे नाही बघायचं, चितळ कुठे बघतंय तिथे बघायचं.

आता वॉटरप्रूफचं. जून ते सप्टेंबर मुंबईत कपाटातल्या बुटाला पण बुरशी येते, काचेला का नाही येणार, आणि एकदा काचेच्या आतल्या बाजूला जाळं धरलं की साफ करायला उघडावी लागते, उघडली की नळ्यांची रेष बिघडण्याची भीती. कापडी केसमध्ये कोंडून लॉफ्टवर ठेवू नका, केस ओल धरते. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या मोठ्या पुड्यांसोबत ठेवा, रंग बदलणारी जेल घ्या म्हणजे कधी ओली झाली ते दिसतं, रंग बदलला की पुड्या बदलायच्या. काच पुसायची ती आधी ब्लोअरने धूळ उडवून, मग मायक्रोफायबरने, शर्टाच्या टोकाने नाही. ताडोबाची लाल धूळ तर अशी की तिसऱ्या सफारीला फोकसचं चाक करकरायला लागतं, मऊ ब्रशने कडेची धूळ काढा आणि त्यात तेल घालू नका.