उन्हात काम करताय? नुसतं पाणी पिऊन भागत नाही, मीठ-साखरेचं बघा

आमचे काका अकोल्यात सेंट्रिंगचं काम करायचे. मे महिन्यात एकदा स्लॅबचं काम होतं, सकाळपासून जारचं पाणी पिऊन पिऊन पोट टम्म झालेलं, आणि चारच्या सुमारास पोटऱ्यांत असे गोळे आले की दोघांनी धरून शिडीवरून उतरवलं. काकू सारखी म्हणत होती, अहो एवढं पाणी प्यायले ना मग असं कसं. तर झालं होतं हेच, पाणी भरपूर गेलं पण घामातून गेलेलं मीठ काही परत मिळालं नाही. तेव्हापासून मी हा विषय सगळ्यांना सांगत असतो, कारण आपल्याकडे अजूनही "पाणी पी पाणी पी" एवढंच सांगतात.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, घरात कूलरसमोर किंवा ऑफिसात एसीत बसणाऱ्याला वेगळं काही लागत नाही, तहानेप्रमाणे पाणी आणि दोन वेळचं जेवण पुरतं, जेवणात मीठ असतंच. हे सगळं शेतात, साइटवर, डिलिव्हरीच्या बाइकवर, भट्टीजवळ तासन् तास घाम गाळणाऱ्यांसाठी आहे. अंगमेहनतीत तासाला एक लिटर घाम सहज जातो. तुमचा किती जातो ते बघायचं असेल तर कामाआधी आणि कामानंतर वजन करा, एक किलो कमी भरलं तर साधारण एक लिटर पाणी गेलं, आणि मधे जे प्यायलात ते त्यात अजून मिळवायचं.

प्यायचं कसं, तर एकदम तांब्याभर नाही, दर 15-20 मिनिटांनी एक ग्लास. तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नका, किडनीला तेवढं बाहेर टाकता येत नाही आणि रक्तातलं सोडियम (मिठातला मुख्य घटक) पातळ होतं, मग डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळल्यासारखा वागतो, आणि बघणाऱ्याला वाटतं ऊनच लागलं म्हणून अजून पाणी पाजतात. हे खरंच धोक्याचं आहे. लघवीचा रंग बघत जा, फिकट पिवळी असेल तर ठीक, गडद आणि थोडीच होत असेल तर कमी पडतंय (बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या चालू असतील तर तशीही पिवळीधमक होते, तेव्हा रंगावर जाऊ नका).

आता ओआरएस, म्हणजे पाण्यात विरघळवून प्यायची मीठ-साखरेची पावडर. इथे सगळ्यात जास्त चुका होतात. 21 ग्रॅमच्या आसपासचं मोठं पाकीट असतं ते पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असतं, आणि लोक काय करतात, चमचाभर पावडर ग्लासात टाकतात, उरलेली चिमटा लावून ठेवतात. प्रमाण बिघडलं की उपयोग गेला, जास्त घट्ट झालं तर उलट जुलाब होतात. ग्लासभरच हवं असेल तर 200 मिलीचं छोटं पाकीट मिळतं ते घ्या. पाकिटावर डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) फॉर्म्युला लिहिलंय का ते वाचा, कारण गोड सरबताचे टेट्रापॅक बरीच वर्षं ओआरएस नावाने विकले जात होते, शेवटी 2025 च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने (सरकारची अन्नसुरक्षा संस्था) असल्या पेयांवर तो शब्द लिहायला बंदी केली.

पाकीट नसेल तर घरी करा: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे बोटाने वरचं सारखं करून. चव बघा, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर फेकून परत करा. 24 तासांत संपवा. साखर चवीसाठी नसते, आतड्यात मिठातलं सोडियम आणि साखरेतलं ग्लुकोज जोडीने आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं, म्हणून दोन्ही लागतात. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी पाजून हजारो माणसं वाचवली. कोल्ड्रिंकमध्ये मात्र 100 मिलीला साधारण 10 ग्रॅम साखर असते, ओआरएसमध्ये दीड ग्रॅमसुद्धा नाही, त्यामुळे कामाच्या मधे कोल्ड्रिंक नकोच.

रोजच्यासाठी आपल्या घरातलंच बेस्ट आहे. मीठ-जिरं घातलेलं पातळ ताक, कैरीचं पन्हं, लिंबू सरबत, ज्वारीची आंबील, कोकणात कोकम सरबत. फक्त मीठ विसरू नका, नुसतं गोड पन्हं केलं तर निम्मं काम राहतं. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, म्हणून सोबत काहीतरी खारट खा. शेंदेलोण, पादेलोण घातलं तरी चालेल, तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, म्हणजे मीठच. खिशात कांदा ठेवून मात्र काही होत नाही, तो भाकरीसोबत खा.

नवीन माणूस कामावर आला असेल तर पहिला आठवडाभर त्याला अर्धंच काम द्या, शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात, सवय झाली की घामातून मीठ पण कमी जातं. बीपी, किडनी, हार्टचा त्रास असेल तर मीठ वाढवायच्या आधी डॉक्टरांना विचारा, शुगरवाल्यांनी पण. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी देऊ नका, अंगावरचं दूध जास्त वेळा पाजा.

आणि कोणी बरळायला लागला, अंग तापलं, झटके आले तर ते ओआरएसचं काम नाही. 108 ला फोन लावा, सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला, काखेत आणि मानेला बर्फ लावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात थेंबभरही पाणी घालू नका, ते फुफ्फुसात जातं. कुशीवर झोपवा आणि गाडी येईपर्यंत अंग ओलं करतच राहा.