प्रकाशकाच्या उत्तराची वाट पाहताना

पहिल्या पुस्तकाची संहिता प्रकाशकाकडे दिल्यावर महिनोन्महिने काहीच कळत नाही, तेव्हा नवा लेखक त्या मौनाचा अर्थ नकार असा लावतो. माझ्या कथासंग्रहाच्या निमित्ताने हा व्यवहार मला जवळून पाहता आला आणि विलंब नेमका कुठे होतो ते समजले, म्हणून हे लिहीत आहे.

लेखकाच्या वतीने बोलणारे एजंट मराठीत जवळजवळ नाहीत, त्यामुळे संहिता थेट प्रकाशकाच्या टेबलावर जाते. बहुतेक प्रकाशनसंस्था मोजक्या माणसांवर चालतात; मालकच संपादन पाहतो, छापखान्याशी बोलतो आणि विक्रेत्यांकडची वसुलीही करतो. चाळून बरी वाटलेली संहिता तो अनेकदा बाहेरच्या परीक्षकाकडे देतो, आणि हा प्राध्यापक किंवा जाणता लेखक आपली कामे सांभाळून सवडीने वाचतो. अभिप्राय अनुकूल आला तरी निर्णय झालेला नसतो. पूर्वी पहिली आवृत्ती 1,000 प्रतींची काढण्याचा प्रघात होता. आता अनोळखी लेखकाचे पुस्तक 500 किंवा त्याहूनही कमी प्रतींचे निघते, आणि कागदाचा भाव, ग्रंथालयांची संभाव्य खरेदी व विक्रेत्यांची सवलत यांचा मेळ बसेपर्यंत संहिता तशीच थांबते. माझ्या मते सर्वाधिक काळ इथेच जातो, आणि त्याचा लेखनाच्या दर्जाशी फारसा संबंध नसतो.

वर्षाचे चक्रही लक्षात घ्यावे. दिवाळीपूर्वीचे दोन-तीन महिने संपादक आणि परीक्षक अशा दोघांचाही वेळ दिवाळी अंकांत जातो, आणि पाठोपाठ साहित्य संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनाची धावपळ सुरू होते. 2025 च्या फेब्रुवारीत संमेलन दिल्लीला होते, तेव्हा पुस्तकांचे गठ्ठे तिथवर न्यावे लागले. संमेलन आटोपल्यानंतर, पावसाळ्याच्या तोंडापर्यंतचा काळ त्या मानाने निवांत असतो.

संहिता पाठवताच लेखी पोच मागावी. तीन-चार महिन्यांनी स्मरणपत्र लिहावे आणि त्यात शीर्षक, साहित्यप्रकार, पृष्ठसंख्या, पाठवल्याची तारीख व एकच प्रश्न असावा: संहिता वाचनात आहे की निर्णय झाला आहे? माझ्या अशाच पत्राला उत्तर आले, ते मात्र ‘साभार परत’ असे. परत आलेल्या प्रतीत परीक्षकाने लांबलेल्या संवादांच्या बाजूला पेन्सिलीने उभ्या रेघा ओढल्या होत्या, आणि त्या शेवटच्या दोन कथांत कुठेच नव्हत्या. कथांचा क्रम बदलण्याचे आणि संवाद छाटण्याचे काम मला त्या रेघांनी दिले. नकाराच्या पत्रात त्यांचा उल्लेखही नव्हता. परत आलेली प्रत म्हणूनच पानोपान पाहावी.

ज्यांचे एकही पुस्तक आलेले नाही, त्यांच्यासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. तिथेही संहिता तज्ज्ञांकडून वाचून घेतली जाते, त्यामुळे धीर लागतोच.

खरी सावधगिरी हवी ती झटपट होकाराबाबत. वाट पाहून थकलेल्या लेखकाला चार दिवसांत ‘स्वीकृत’ असे कळवून छपाईचा खर्च मागणारे अनेक जण भेटतात. स्वखर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणा नाही, पण तो निर्णय कंटाळ्यापोटी होऊ नये. असा करार समोर आला तर हक्क किती वर्षांसाठी दिले जात आहेत हे आधी पाहावे: 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षांची मानली जाते, मात्र करारात ‘कायमस्वरूपी’ असे लिहून सही केली असेल तर या तरतुदीचा आधार मिळत नाही. आणि दुसरीकडे होकार देण्यापूर्वी, पहिल्या प्रकाशकाला संहिता मागे घेत असल्याचे लेखी कळवावे, कारण तिथला परीक्षक कदाचित त्याच आठवड्यात ती वाचत असेल.