अपरिचित इंग्रजी शब्दाची व्युत्पत्ती कशी शोधावी

अपरिचित इंग्रजी शब्द वाचनात आला की तो ज्या वाक्यात आला ते वाक्य आधी पूर्ण उतरवून घ्यावे आणि कोश उघडण्यापूर्वी संदर्भावरून अर्थाचा अंदाज बांधावा. त्यानंतर असा कोश पाहावा, जो अर्थाबरोबरच शब्दाचा सर्वांत जुना लेखी वापर आणि त्याचे वर्षही नोंदवतो. या कामी ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’ला तोड नाही. १८८४ ते १९२८ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या तिच्या पहिल्या आवृत्तीपासूनच अर्थांच्या पुष्ट्यर्थ कालानुक्रमे अवतरणे देण्याची तिची पद्धत आहे.

मग शब्दाचे घटक सुटे करावेत. ‘डिफेनेस्ट्रेशन’मध्ये लॅटिन ‘फेनेस्ट्रा’, म्हणजे खिडकी, दिसली की ‘खिडकीतून बाहेर फेकणे’ हा अर्थ उलगडतो, आणि १६१८ साली प्राग येथे पवित्र रोमन सम्राटाच्या प्रतिनिधींना किल्ल्याच्या खिडकीतून फेकण्यात आले होते, हे कळल्यावर असा शब्द मुळात का लागला असेल तेही समजते. मात्र केवळ दिसण्यावर विसंबू नये. ‘मंगूस’मध्ये हंसवर्गीय पक्ष्याचे इंग्रजी नाव ‘गूस’ ऐकू येत असले, तरी तो शब्द मराठीतील ‘मुंगूस’वरून गेला आहे, म्हणूनच त्याचे अनेकवचन ‘मंगीस’ असे होत नाही.

मूळ सापडले म्हणजे आजचा अर्थ सापडला, असेही नाही. ‘नाइस’ हा शब्द ‘अज्ञानी’ या अर्थाच्या लॅटिन ‘नेस्कियस’पासून आला असून मूर्ख, चोखंदळ, काटेकोर अशी वळणे घेत तो ‘छान’पर्यंत पोहोचला. त्यामुळे जुन्या ग्रंथात तो आढळल्यास त्या काळचा अर्थच लावावा.

काही शब्दांचा जन्म मात्र तारखेनिशी सांगता येतो. अठराव्या शतकातील इंग्रज लेखक होरेस वॉलपोल यांनी २८ जानेवारी १७५४ रोजी लिहिलेल्या पत्रात ‘सेरेंडिपिटी’, म्हणजे न शोधता काही चांगले गवसणे, हा शब्द घडवला. सेरेंडिप हे श्रीलंकेचे जुने नाव असून, तेथील तीन राजपुत्रांच्या कथेवरून वॉलपोल यांना तो सुचला. हे राजपुत्र जे शोधत नसत तेच त्यांना योगायोगाने आणि चाणाक्षपणाने सापडत असे, असे ते लिहितात. आज आपण त्यातला योगायोग तेवढा लक्षात ठेवतो आणि चाणाक्षपणा विसरतो, याची मला खंत वाटते, कारण शब्दाचे निम्मे सौंदर्य त्यातच आहे.

सर्वाधिक सावधगिरी आकर्षक कथांबाबत बाळगावी. ‘पॉश’ हा ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ (जाताना जहाजाची डावी बाजू, परतताना उजवी) या शब्दांच्या आद्याक्षरांतून बनला आणि तो जहाजाच्या तिकिटांवर छापला जाई, असे आग्रहाने सांगितले जाते. प्रत्यक्षात असे एकही तिकीट मिळालेले नाही. आद्याक्षरांतून शब्द घडवण्याची रीत विसाव्या शतकापूर्वी फारच विरळ होती, म्हणून जुन्या शब्दाची अशी फोड कोणी सांगितल्यास आधी त्या काळातील लेखी पुरावा मागावा. कोशात ‘मूळ अनिश्चित’ असे म्हटले असेल, तर तेच उत्तर म्हणून नोंदवावे.

कोशही एकावर थांबू नये. वेबस्टरच्या १९३४ च्या मोठ्या कोशात ‘घनता’ या अर्थाने ‘डॉर्ड’ हा शब्द छापला गेला होता. घनतेसाठी ‘मोठा डी किंवा छोटा डी’ हे संक्षेप वापरावेत, अशी ती मुळातली चिठ्ठी. तीतील ‘डी ऑर डी’ ही अक्षरे जोडून वाचली गेली आणि चूक १९३९ मध्ये लक्षात आली. म्हणून दुसऱ्या कोशातही शब्द पडताळावा आणि त्याच्या वापराचे खरे उदाहरण दिले आहे की नाही, हे पाहावे.