शांतता आणि संघर्ष या विषयात एमए करायचंय? आधी भांडण निवडा

'ताई, पीस स्टडीज कुठे करू?' असं कुणी विचारलं की माझा उलट प्रश्न ठरलेला असतो: कुठलं भांडण? दोन देशांमधलं युद्ध, मिरवणुकीच्या रस्त्यावरून पेटणारी दंगल, गावातला जातीचा वाद, की पुनर्विकासात बिल्डर आणि भाडेकरू यांच्यातली रस्सीखेच? मी गोवंडीत वस्तीपातळीवर समेटाचं काम करते, त्यामुळे माझा कल शेवटच्या तीनांकडे आहे, हे आधीच सांगून ठेवते. पण प्रश्न सगळ्यांनाच लागू आहे. त्याला जोडून दुसरा: त्या भांडणाचं तुम्हाला करायचंय काय? मोजायचंय, समजून घ्यायचंय, दोघांच्या मध्ये बसायचंय, की वर्गात शिकवायचंय? याची उत्तरं नसतील तर माहितीपत्रकं चाळून उपयोग नाही, कारण एकाच नावाखाली अगदी वेगवेगळं शिक्षण मिळतं.

गाण्यातल्या घराण्यांसारखंच आहे हे. राग तोच, मांडणी वेगळी. आपल्याकडचं जुनं घराणं गांधींचं. त्यांनीच 1920 मध्ये अहमदाबादला काढलेलं गुजरात विद्यापीठ, वर्ध्याचं महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठ आणि इग्नू या घरबसल्या शिकवणाऱ्या मुक्त विद्यापीठाचा 'गांधी आणि शांतता अध्ययन' हा एमए या वळणाचे. अहिंसा, सत्याग्रह, ग्रामस्वराज्य यांवर भर. दुसरं घराणं नॉर्डिक, म्हणजे उत्तर युरोपातलं. योहान गाल्टुंग यांनी 1959 मध्ये ऑस्लोत शांतता संशोधन संस्था उभी केली. नुसतं युद्ध नसणं म्हणजे नकारात्मक शांतता आणि अन्यायाची रचनाच मोडणं म्हणजे सकारात्मक शांतता, ही त्यांची मांडणी आज प्रत्येक अभ्यासक्रमाच्या पहिल्या आठवड्यात येते. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात 1971 पासून या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे संख्याशास्त्र चुकवता येत नाही. तिसरं ब्रॅडफर्डचं, इंग्लंडमधलं. क्वेकर या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या पुढाकाराने 1973 मध्ये सुरू झालेलं, मध्यस्थी आणि प्रत्यक्ष कामाकडे झुकलेलं. चौथ्या घराण्याच्या नावात शांतता नसते: पुणे विद्यापीठाचा संरक्षण आणि सामरिकशास्त्र विभाग, लंडनच्या किंग्ज कॉलेजचा वॉर स्टडीज विभाग. तिथे संघर्ष सरकारच्या खुर्चीतून बघायला शिकवतात. त्यात वाईट काही नाही, फक्त आपण कुठल्या खुर्चीत बसणार आहोत हे माहीत असावं.

फरक किती पडतो याचं एक उदाहरण. उप्सालाचा संघर्षांचा डेटा जगभर वापरला जातो. त्यात एखादा संघर्ष 'सशस्त्र संघर्ष' म्हणून नोंदवायचा तर एका वर्षात लढाईत किमान 25 मृत्यू व्हावे लागतात. आता मुंबईतली भांडणं आठवा. बहुतेक या चाळणीतून गळून जातील. दुसरीकडे सांताक्रूझच्या 'सेंटर फॉर स्टडी ऑफ सोसायटी अँड सेक्युलॅरिझम' या संस्थेत वर्तमानपत्रांतल्या बातम्यांवरून जातीय हिंसेच्या घटनांची वार्षिक नोंद ठेवतात. असगर अली इंजिनिअर यांनी 1993 मध्ये ही संस्था काढली. दोन्ही कामं मोजण्याचीच, पण नजर वेगळी. तुम्हाला यातलं कुठलं टेबल हवंय?

अर्ज भरण्याआधी स्वतःची एक परीक्षा घ्या, फुकट आहे. मुंबईतल्या 1992-93 च्या दंगलींवरचा श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल मिळवा. 1998 चा आहे, इंटरनेटवर सापडतो. त्याच्या दुसऱ्या खंडात पोलीस ठाण्यांनुसार नोंदी आहेत. आपल्या किंवा जवळच्या ठाण्याची हद्द निवडा आणि तेवढाच भाग वाचा. मग कोऱ्या कागदावर मांडा: कुठल्या तारखेला काय झालं, कुठल्या नाक्यावर, आधी कोणती अफवा फिरली, पोलीस कधी पोचले, कोणी कोणाला घरात लपवलं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अहवालात बहुधा मिळणार नाही, त्यासाठी वस्तीतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाशी बोलावं लागेल. हे करताना कंटाळा आला तर राज्यशास्त्रात साधा एमए करा, सुखी राहाल. रात्री उशिरापर्यंत कागद हातातून सोडवला नाही, तर पुढे वाचा.

देशातले पर्याय. दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियात 2004 पासून नेल्सन मंडेला यांच्या नावाचं केंद्र आहे. तिथला संघर्ष विश्लेषण आणि शांतता उभारणीचा एमए मला सगळ्यांत समतोल वाटतो. बनारस हिंदू विद्यापीठाच्या मालवीय शांतता संशोधन केंद्रात संघर्ष व्यवस्थापन आणि विकास असा जोड विषय आहे. गंगटोकला सिक्कीम विद्यापीठात तर याच विषयाचा स्वतंत्र विभाग. ईशान्येतल्या प्रश्नांवर काम करायचं असेल तर तिथे जाण्यासारखी दुसरी शाळा नाही. टिसबद्दल (टाटा समाजविज्ञान संस्था) एक गैरसमज असतो: हा अभ्यासक्रम त्यांच्या मुंबईतल्या देवनार कॅम्पसवर नाही, गुवाहाटीच्या कॅम्पसवर सुरू झाला. यंदा प्रवेश आहेत का ते चालू माहितीपत्रकातच बघा. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. जामियाचा अर्ज मात्र त्यांच्या संकेतस्थळावर वेगळा भरावा लागतो, ते विसरून कित्येकांचं वर्ष जातं.

घर सोडता येत नसेल, नोकरी असेल, तर इग्नू. दोन वर्षांचा अभ्यासक्रम चार वर्षांपर्यंत लांबवता येतो आणि खर्च मुंबईतल्या एखाद्या क्लासच्या फीपेक्षा कमी. त्यापेक्षा घट्ट पाया हवा असेल तर कलिनाला मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्रात एमए करा आणि प्रबंध संघर्षावर घ्या. गावदेवीच्या मणिभवनातलं ग्रंथालय हाताशी आहेच. गांधी 1917 ते 1934 या काळात मुंबईत आले की तिथेच उतरत. गंभीर वाचणाऱ्याला बसायला यापेक्षा शांत जागा दक्षिण मुंबईत मिळणं अवघड.

ज्यांना प्राध्यापक व्हायचंय त्यांनी पुढचं दोनदा वाचा. प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठीच्या नेट परीक्षेत शांतता अध्ययन हा विषय एकटा येत नाही, 'बौद्ध, जैन, गांधीवादी आणि शांतता अध्ययन' असा एकत्र येतो. महाविद्यालयांच्या जाहिराती मात्र 'राज्यशास्त्र' अशा निघतात. मुलाखतीत तुमची पदवी संबंधित विषयाची आहे की नाही यावर वाद घालणारा एक तरी माणूस समोर असतो. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला असंच परत पाठवलं होतं. म्हणून शिकवण्याचा विचार असेल तर राज्यशास्त्राची पदवी आधी, शांतता नंतर.

परदेशात जायचं तर पैशापासून सुरुवात करा. जर्मनीत मारबुर्ग आणि मॅग्डेबुर्ग इथे हा विषय इंग्रजीत शिकवतात, शिक्षणशुल्क नाहीच म्हणा, पण व्हिसासाठी वर्षाचे 11,904 युरो खात्यात अडकवून ठेवावे लागतात आणि एपीएस प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचं) घ्यावं लागतं. नॉर्वे फुकट आहे असं अजून कुणी सांगत असेल तर ती जुनी बातमी: 2023 पासून युरोपबाहेरच्यांना फी आहे. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. रोटरी पीस फेलोशिपचं एमए सगळा खर्च उचलतं (ब्रॅडफर्ड, उप्साला, क्वीन्सलंड, टोकियो), पण अनुभव तीन वर्षांचा हवा आणि रोटरी सदस्यांच्या मुला-नातवंडांना अर्ज करता येत नाही. दादर-पार्ल्यात हा नियम ऐकून बरेच चेहरे पडतात. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे. तिथे विद्यापीठाचं जागतिक क्रमवारीतलं स्थान बघतात, आणि ब्रॅडफर्डसारखं या विषयातलं नावाजलेलं नाव त्या यादीत बसत नाही, म्हणून विद्यापीठ त्या हिशोबाने निवडा. जे. एन. टाटा एंडाउमेंट आणि के. सी. महिंद्रा या दोन्ही ट्रस्टांची कर्जशिष्यवृत्ती मुंबईतूनच मिळते.

आता हेतुनिवेदन, ज्याला सगळे एसओपी म्हणतात. नालासोपाऱ्याच्या एका मुलीने मसुदा आणला होता. पहिलं वाक्य: 'लहानपणापासून मला जगात शांतता नांदावी असं वाटतं.' मी ते खोडलं आणि विचारलं, तुमच्याकडे गणपतीच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता कमिटीची बैठक होते, तिला कोण जातं? तिचे मामाच जात होते. मग ती मामांना घेऊन बसली. 2023 मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, 28 सप्टेंबरला आले होते. मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी जुलूस पुढच्या दिवसावर नेला आणि सरकारने ईदची सुट्टी 29 तारखेला केली. हा निर्णय वस्तीत खाली कसा उतरला, कोणी कुरकुर केली, डीजेवाल्यांना काय सांगितलं, समितीत बायका किती होत्या (तिच्या मामांना एकही आठवेना), एवढंच तिने लिहिलं. 'शांतता' हा शब्द अख्ख्या निवेदनात फक्त समितीच्या नावापुरता राहिला. प्रवेश मिळाला. निवड समितीला उत्तर नको असतं, चांगला प्रश्न हवा असतो, आणि बायका का नव्हत्या हा तिचा प्रश्न पुढे प्रबंधाला पुरला.

शिफारसपत्र मोठ्या पदावरच्या ओळखीच्या साहेबांकडून घेऊ नका. ज्यांनी तुमचा एखादा निबंध लाल शाईने भरून परत दिला असेल, अशा बाईंकडे किंवा सरांकडे जा. त्यांच्याकडे लिहायला काहीतरी असतं.

तारखा अशा पकडा. स्वीडनचे अर्ज ऑक्टोबरच्या मध्यावर उघडतात आणि जानेवारीच्या मध्यावर बंद होतात, अर्जाची फी 900 क्रोनर. चेव्हनिंगही पावसाळा संपता संपता चालू असतं. रोटरीची शेवटची तारीख 15 मेच्या आसपास. सीयूईटीचे फॉर्म हिवाळ्यात निघतात. म्हणजे आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा आणि ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे विद्यापीठाने दिलेला सगळ्या गुणांचा अधिकृत उतारा, ही दोन कामं गणपतीच्या आधी उरकलेली हवीत. ट्रान्स्क्रिप्टच्या तीन प्रती जास्त मागून घ्या, आणि मार्कशीटवरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतंय का ते त्याच खिडकीवर उभं राहून तपासा.